‘१,४९९ रुपयांत कंपनी’ वालं पॅकेज : वर्षभर भोगून झाल्यावरचा रिव्ह्यू

५ पैकी २.५ स्टार. त्यातला अर्धा स्टार व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या त्या मुलीला, रात्री साडेदहाला पण रिप्लाय द्यायची बिचारी.

ऑनलाइन कंपनी रजिस्टर करून देणाऱ्या ह्या सर्व्हिसचं नाव टाकत नाहीये. इन्स्टावर स्टार्टअपबद्दल एक रील जरी पूर्ण बघितलंत ना तरी पुढचे आठ दिवस तुम्हाला ह्यांची नाहीतर ह्यांच्यासारख्या दुसऱ्या कुणाची जाहिरात दिसत राहते, आणि माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी अशा पॅकेजातून कंपनी काढली त्यांची स्टोरी थोड्याफार फरकाने हीच आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा कमी आणि ह्या प्रकाराचा जास्त समजा.

मी पुण्यात, कर्वेनगरला. ९ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत काढली, मग सोडली. सोबत कॉलेजचा मित्र, मूळ सांगलीचा, कोड तो लिहितो. आमचं ॲप दुधाच्या रतिबाचं आहे. माझा मामा दूध टाकतो, पहाटे चारला क्रेट उतरतात आणि सात वाजायच्या आत १८० घरं संपवायची असतात, आणि त्याची ती वही बघितली तर चक्कर येते. प्रत्येक घराला एक ओळ, रोजची एक टिक, दूध नको असेल तर टिकेच्या जागी नुसतं ‘खा’, म्हणजे खाडा. महिनाअखेरीला मामी ते ‘खा’ मोजत बसते आणि तरीसुद्धा दर महिन्याला चार काकू भांडतातच, की आम्ही पाच दिवस गावाला होतो आणि तुम्ही तीनच खाडे धरलेत. तर आदल्या रात्री दहापर्यंत गिऱ्हाइकाने स्वतःच फोनवरून खाडा टाकायचा, सकाळी मामाला लिस्ट आणि महिन्याच्या शेवटी बिल, एवढंच ॲप आहे. फार मोठं काही नाही. पण हे सुचल्यावर आम्ही पहिलं काम काय केलं, तर मामाच्या दहा गिऱ्हाइकांना विचारायच्या आधी कंपनी काढायला बसलो. का, तर सगळे करतात म्हणून.

जाहिरातीवर नंबर टाकला आणि तीन मिनिटांत फोन. ‘मॅम, फाउंडर बनने के लिए काँग्रॅच्युलेशन्स.’ खरं सांगते, तोपर्यंत मला कुणी फाउंडर म्हटलं नव्हतं, मी तिथेच विरघळले. त्याने विचारलं किती जण, मी म्हटलं दोघं, तो म्हणाला मग प्रायव्हेट लिमिटेड. बस. गिऱ्हाईक आहे का, पैसे कुठून येणार, इन्व्हेस्टर घ्यायचाय का, नोकरी सोडलीये का, एक प्रश्न नाही. प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या नावावरचा धंदा) म्हणजे काय, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) म्हणजे काय, कुठल्याला वर्षाला किती खर्च येतो हेही नाही. दाबेलीच्या गाडीवर पण तिखट किती टाकू विचारतात हो.

आता बिल. १,४९९ ही त्यांची स्वतःची फी, त्यावर जीएसटी लावून १,७६९. दोन डायरेक्टर म्हणून दोन डिजिटल सिग्नेचर, प्रत्येकी १,८००. नाव राखून ठेवायची सरकारी फी १,०००. मग स्टॅम्प ड्युटी, पॅन आणि टॅन (टीडीएससाठीचा नंबर) ह्यांचे पैसे, आणि ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचं काहीतरी १,५००, ते काय होतं मला आजपर्यंत कळलेलं नाही. सगळं मिळून ९ हजारांच्या वर गेलं. ह्यात लूट आहे असं मी म्हणणार नाही, बाहेर कुणाकडेही साधारण एवढे जातातच, पण मग जाहिरातीत १,४९९ कशाला लिहायचं. एक गंमत सांगते, ‘झिरो गव्हर्नमेंट फी’ म्हणून जे ठळक अक्षरात लिहितात ना ती ह्यांची ऑफर नाहीये. ऑथराइज्ड कॅपिटल (म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते तो आकडा) १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची रजिस्ट्रेशन फी कुणालाच लागत नाही. आणि कमीत कमी १ लाख भांडवल पाहिजेच ही अट पण २०१५ मध्येच गेली. आम्ही तरी १ लाखच ठेवलं, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये तोच आकडा आधीपासून भरलेला होता. शहाणपणा बघा आमचा.

चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. डिजिटल सिग्नेचर दुसऱ्याच दिवशी झाली. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून आपलं नाव सांगायचं, पॅन कार्ड दाखवायचं, वीस सेकंदांचा व्हिडिओ, माझा तिसऱ्या टेकला ओके झाला कारण पहिल्या दोन्हींत मागे कुकरची शिट्टी. पेनड्राइव्हसारखं एक टोकन असतं त्यात ती सही येते, दोन वर्षं चालते. ती टोकनं ‘फाइलिंगसाठी आमच्याकडेच ठेवतो मॅम’ म्हणाले, आम्ही बरं म्हटलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

स्पाइस प्लस नावाचा सरकारी फॉर्म आहे, दोन भागांत. पहिल्यात नाव, दुसऱ्यात बाकी सगळं, आणि त्याच झटक्यात पॅन, टॅन, पीएफ आणि ईएसआयचे नंबर, महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सचा नंबर आणि बँक खात्याची रिक्वेस्ट असं सगळं होतं. ही सोय खरंच भारी आहे आणि ह्याचं क्रेडिट सरकारी पोर्टलला, पॅकेजवाल्याला नाही. नावाला दोन पर्याय देता येतात. आमची दोन्ही उडाली, आधीच्या कुठल्यातरी कंपनीशी जुळतात म्हणून. पोर्टलवर नाव फुकटात शोधता येतं, ट्रेडमार्कच्या साइटवर पण. फॉर्म टाकायच्या आधी ते बघणं ह्यांचं काम होतं, त्यासाठीच पैसे घेतले होते ना. दुसऱ्या फेरीत आम्ही दोघांनी रात्री बसून स्वतः शोधलं आणि पास झालं.

नाव पास झालं की २० दिवस तुमचं. त्यात दुसरा भाग भरायचा. आणि इथे आमची गाडी अडली ती लाइट बिलावर.

रजिस्टर्ड ऑफिस म्हणून माझ्या घरचा पत्ता दिला होता, त्याला दोन महिन्यांच्या आतलं कुठलंतरी बिल आणि घरमालकाची एनओसी लागते. लाइट बिल आमच्याकडे अजून आजोबांच्या नावावर येतं. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली, घर केव्हाच आईच्या नावावर झालं, पण महावितरणला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, बिल भरलं जातंय ना मग झालं. मी ते बिल पाठवलं. रिप्लाय आला, ‘मॅम, दादाजी का एनओसी चाहिए.’ मी सांगितलं आजोबा नाहीयेत. एक दिवस शांतता. मग दुसऱ्या कुणाचातरी मेसेज, ‘मॅम, दादाजी का आधार भेज दीजिए, एनओसी हम बना लेंगे.’ मी हसू का रडू. आई म्हणाली दे पाठवून श्राद्धाला बोलाव त्यांना. ह्या सगळ्यात १४ दिवस गेले आणि २० दिवसांची मुदत संपत आली म्हणून आणखी १,००० भरून नाव २० दिवस पुढे ढकललं, ते हजार अर्थातच आमचे. शेवटी तोडगा मलाच सुचला, पाइपच्या गॅसचं बिल आईच्या नावावर येतं, ते चालतं. चालतंच, नियमात गॅस बिल आहे. पण हे १४ दिवसांत त्यांच्यापैकी एकाला पण माहीत नव्हतं.

आईने एनओसीवर सही करताना एकच अट घातली, दारावर पाटी लावायची नाही, सोसायटीवाले कमर्शियल मेंटेनन्स लावतील. आणि कायद्यात नेमकं तेच आहे, रजिस्टर्ड ऑफिसच्या बाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता असलेली पाटी पाहिजे, आणि इंग्रजीत असेल तर सोबत स्थानिक लिपीत पण. आमची पाटी ए-फोर कागदाची आहे, लॅमिनेट केलेली, चपलांच्या रॅकच्या वर. कुणी बघत नाही पण आहे.

तर १२ जूनला सर्टिफिकेट आलं. २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख नंबर, खाली पॅन, टॅन. मी प्रिंट काढून देवासमोर ठेवलं, पेढे वाटले, लिंक्डइनवर टाकलं, सगळं यथासांग. त्याच दिवशी ११ फोन. लोनवाले, वेबसाइटवाले, ट्रेडमार्कवाले, एक तर ऑफिसला आरओ फिल्टर विकणारा. आणि सगळ्यात जास्त फोन आमच्या पॅकेजवाल्यांचेच, आता दुसऱ्या डिपार्टमेंटकडून.

इथे माझा खरा राग आहे. एमएसएमई सर्टिफिकेटचे १,९९९ सांगितले आणि मी भरले. ते म्हणजे छोट्या धंद्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन, सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन असलं की झालं, मी नंतर मामासाठी केलं तेव्हा चहा गार व्हायच्या आत झालं. मग म्हणाले कंपनी आहे म्हणजे जीएसटी कंपल्सरी. नाहीये. आमच्यासारख्या सर्व्हिस देणाऱ्याला महाराष्ट्रात २० लाखांच्या उलाढालीपर्यंत घ्यावाच लागत नाही. घेतला असता तर एक रुपयाचं बिल न करता दर वेळी निल रिटर्न भरत बसलो असतो आणि विसरलो की दिवसाला २० रुपये दंड. हे नशिबाने सांगलीवाल्याच्या भावाने सांगितलं, त्याचं हळदीचं दुकान आहे. मोठी कंपनी गिऱ्हाईक असेल आणि तिला इनपुट क्रेडिट (आपल्याला भरलेल्या जीएसटीची वजावट) पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्वतःहून घ्यावा. आमचं गिऱ्हाईक दूधवाला, तो म्हणणार १८ टक्के कसले.

मग स्टार्टअप इंडियाचं सर्टिफिकेट ४,९९९. ‘नहीं लिया तो एंजल टॅक्स लगेगा मॅम.’ अरे, इन्व्हेस्टरकडून आलेल्या पैशांवर लागायचा तो एंजल टॅक्स २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये काढून टाकलाय! आणि आम्हाला कुठला एंजल पैसे देतोय, आम्हाला मामा पण देत नव्हता तेव्हा. स्टार्टअप इंडियाची मान्यता पण पोर्टलवर फुकटच मिळते, मी एका रविवारी बसून अर्ज टाकला, काय वेगळं करताय ते नीट लिहावं लागतं तेवढीच मेहनत. त्याने इन्कम टॅक्स आपोआप माफ होतो असं पण ते सांगतात, तसं नाहीये, त्याला वेगळा अर्ज आणि वेगळी छाननी आहे. मान्यतेचा थेट फायदा म्हणजे ट्रेडमार्कची सरकारी फी ९,००० ऐवजी ४,५००, पण ट्रेडमार्क कंपनीऐवजी स्वतःच्या नावावर केला असता तरी ती ४,५००च होती.

एवढं सगळं विकायला फोन आले. जी एक गोष्ट सांगायला हवी होती ती सोडून.

बँकेचा माणूस ऑगस्टमध्ये आला, चालू खातं सुरू झालं, आम्ही प्रत्येकी ५० हजार टाकले, म्हणजे मी माझ्या खात्यातून आणि पार्टनरने त्याच्या वडिलांच्या खात्यातून यूपीआय केलं. ॲप बनवत बसलो. पॅकेजवाले गायब, ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा तेवढ्या आल्या. आणि १ डिसेंबरला सकाळी फोन, ‘मॅम आपका आयएनसी-२०ए पेंडिंग है, बहुत अर्जंट, ५०,००० पेनल्टी, डायरेक्टर को हर दिन का १,००० अलग, आज ४,९९९ भर दीजिए.’

मला वाटलं हा पण एंजल टॅक्सच. ठेवला फोन. मग जीव राहीना म्हणून वाचलं, तर खरं निघालं. शेअर घेणाऱ्यांनी पैसे भरले हे कंपनी सुरू झाल्यापासून १८० दिवसांत जाहीर करावं लागतं, त्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही, आणि दंड पण त्याने सांगितला तेवढाच आहे, डायरेक्टरचा रोजचा हजार १ लाखापर्यंत जातो. आमचा १८० वा दिवस ९ डिसेंबर. आठ दिवस हातात. म्हणजे त्यांना तारीख पहिल्या दिवसापासून माहीत होती! जूनमध्ये सांगितलं असतं तर आम्ही दोन-चार ठिकाणी भाव विचारून आरामात केलं असतं, डिसेंबरात घाबरून ४,९९९ भरणारच. पॅकेज स्वस्त का असतं ते तेव्हा डोक्यात शिरलं.

बाबांच्या ओळखीचे एक सीएकाका आहेत सदाशिव पेठेत. लाकडी जिना, वर फायलींना नाड्या बांधलेल्या, कॉम्प्युटर एकच आणि तो पण आर्टिकलशिपच्या, म्हणजे शिकाऊ मुलापुढे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘बिलं किती फाडलीत आत्तापर्यंत?’

‘एकही नाही काका, अजून ॲप...’

‘मग कंपनी कशाला काढली?’

मी पार्टनरकडे बघितलं, पार्टनर पंख्याकडे.

मग कामाला लागले. पहिलं म्हणजे पार्टनरचे ५० हजार वडिलांच्या खात्यातून आलेले, शेअर ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यातून यायला पाहिजेत म्हणाले, म्हणून ते परत पाठवून त्याच्या खात्यातून पुन्हा आणले. दुसरं, ऑडिटर कोण? आम्ही म्हटलं म्हणजे? तर पहिला ऑडिटर ३० दिवसांत नेमायचा असतो, पहिली बोर्ड मीटिंग पण ३० दिवसांत. आमची बोर्ड मीटिंग म्हणजे कर्वे रस्त्यावर मिसळ. तिसरं, फॉर्मवर डायरेक्टरची डिजिटल सही पाहिजे आणि टोकनं तिकडे. फोन केला तर ‘पाच-सात वर्किंग डेज.’ काका म्हणाले सोड, नवीन काढ. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्यासमोर नाव सांगितलं, ह्या वेळी कुकर बंद ठेवून. पोर्टलवर नवीन सही जोडायला अर्धा दिवस गेला, सारखं एरर. ८ डिसेंबरला संध्याकाळी फॉर्म गेला. काकांनी ह्या फॉर्मचे पंधराशे घेतले आणि वर आम्हालाच पोहे खायला घातले.

आता वर्षाचा हिशोब, कारण हा कुठल्याच जाहिरातीत नसतो. प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल शून्य असली तरी ऑडिट करावंच लागतं. वर्षाला दोन मोठे फॉर्म, एक ताळेबंदाचा, एक वार्षिक रिटर्नचा, उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये आणि ह्याला वरची मर्यादा नाही, विसरून गेलेल्या कंपन्यांची लाखांत बिलं होतात ती ह्याच्यामुळे. इन्कम टॅक्स रिटर्न वेगळा. महाराष्ट्रात कंपनीचा स्वतःचा प्रोफेशनल टॅक्स २,५०० वर्षाला, पगार घेणारा कुणी नसला तरी. आम्हाला काकांकडे सगळं मिळून २५ हजारांच्या आसपास पडतं आणि हे ओळखीतले म्हणून. बरं, कंटाळून बंद करू म्हटलं तर बंद करायच्या अर्जाचीच सरकारी फी १०,००० आहे. उघडायला १,४९९ आणि बंद करायला दहा हजार!

माझं मत विचाराल तर एकटेच असाल आणि अजून पैसे देणारं गिऱ्हाईक नसेल तर प्रोप्रायटरशिप बास आहे. शॉप ॲक्टला माणसं थोडीच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, उद्यम फुकट, ह्या दोन कागदांवर चालू खातं उघडतं. धंद्याचं कर्ज झालं तर ते तुमच्या डोक्यावर येतं, हा त्यातला धोका, पण कर्जच नसेल तर कशाला घाबरता. आमच्यासारखे दोघं असतील तर एलएलपी बघा, उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भांडवल २५ लाखांच्या वर जाईपर्यंत ऑडिट नाही, फॉर्म मात्र त्यालाही आहेत आणि उशिराचे पैसे पण. इन्व्हेस्टर समोर बसलाय, शेअर द्यायचेत, तर प्रायव्हेट लिमिटेडला पर्याय नाही, तेव्हा जरूर काढा. सांगलीवाला अजून म्हणतो की कंपनी होती म्हणून आपण सिरियसली काम केलं. असेल. २५ हजारांत जिम पण लावता आली असती.

आणि हे पॅकेज कुणी घ्यावं? ज्याच्या घरात सीए आहे आणि फक्त फॉर्म भरून पाहिजेत त्याने. बाकीच्यांनी पैसे भरायच्या आधी त्या फोनवरच्या माणसाला एवढंच विचारा की सर्टिफिकेट आल्यानंतरच्या ३० दिवसांत काय काय करायचं आणि १८० दिवसांत काय, लेखी मेल कर. आमच्या पार्टनरने नंतर एकदा मुद्दाम नवीन नंबरवरून विचारून बघितलं, समोरच्याने फोन होल्डवर टाकला तो टाकलाच.

ॲपचं म्हणाल तर चालू आहे. जानेवारीत मामाला बिल दिलं, पावती क्रमांक १, महिन्याचे ३०० रुपये. मामाने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, ह्यात तुमचे खाडे किती धरलेत? डिसेंबरात सर्व्हर दोन दिवस बंद होता. २० रुपये कमी करून दिले. आता मामाच्या ओळखीने अजून २२ दूधवाले आहेत आणि त्यातल्या एकानेही अजून मला सीआयएन नंबर विचारलेला नाही.

ता. क. – आमची जुनी टोकनं अजून त्यांच्याकडेच आहेत. दुसऱ्याच्या हातात आपली सही आहे हे डोक्यातून जात नाही, म्हणून काकांनी जुनी सर्टिफिकेटं रद्दच करायला सांगितलीत, ते चालू आहे. तरी एकदा शेवटचं मागून बघितलं तर पाठवतो म्हणाले. कुरियर चार्ज ३५० रुपये प्लस जीएसटी.